कुस्ती की कबड्डी? खान्देशात घडणारी क्रीडा-प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यासाठी

खेळ, त्यात फुलणारं प्रेम आणि मुळाशी घरात झालेला एक मृत्यू, एवढं तुमचं ठरलंय. गावही खान्देशातलंच. गाडी अडलीय ती खेळ कोणता यावर. माझ्या मते खरी निवड मातीतली कुस्ती आणि कबड्डी यांतच आहे. क्रिकेट सोडा, ते कुठल्याही गावात बसतं. खो-खोचा मोह होतो, पण ती पळापळ कागदावर उभी करताना लेखकाचीच दमछाक होते.

दोन्ही खेळांना एकच कसोटी लावा: दुःख खेळाच्या आतून दिसतं का? घरी रडणं आणि मैदानावर जिंकणं असे दोन कप्पे पडले, की कादंबरी हातची गेली.

कुस्तीत काळ आयता मिळतो. गावच्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल वर्षातून एकदा. वडील यात्रेच्या तोंडावर गेले, तर वर्षश्राद्ध आणि पुढचा आखाडा अंगावर एकदमच येतात. प्रेमातली अडचणही शोधावी लागत नाही. पैलवानाने लंगोटाचं सच्चं राहावं, म्हणजे ब्रह्मचर्य पाळावं, ही तालमीची जुनी शिस्त. पोरगा फोन घ्यायला बाहेर गेला तरी वस्तादाच्या भुवया वर. शिवाय हौदाचं, म्हणजे आखाड्यातल्या मातीच्या खड्ड्याचं काम आहे. लाल माती उकरायची, ढेकळं फोडायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची. बाप हे करायचा, आता मुलगा करतो. त्याला लढायचं नाही, पण माती कडक होऊ द्यायचीही नाही. यावर एक प्रकरण नीट लिहिलंत तर ‘दुःख’ हा शब्द वापरावाच लागणार नाही.

अडतं ते नायिकेपाशी. जुन्या रिवाजात ती आखाड्याजवळ फिरकतच नाही. तिलाच पैलवान करायचं म्हटलं तर आता आधार आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मात्र मग कुस्ती मॅटवर येते, ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशोब. हौदाचं ते प्रकरण हातातून निसटतं.

कबड्डीत मुलामुलींची भेट घडवायला योगायोग लागत नाही. सराव एकाच मैदानावर, तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून नाशिक विभागाला जाणारी एसटीही एकच. पण मला कबड्डी आवडते ती तिच्या एका नियमासाठी. बाद झालेली खेळाडू बाहेर बसते. आपल्या संघाने समोरची एक टिपली, की बाहेरची एक जिवंत होते, ज्या क्रमाने बाद झाल्या त्याच क्रमाने. बोनस रेषा ओलांडल्याचा गुण मिळाला तर फलक हलतो, आत मात्र कुणी येत नाही. आता भाऊ गमावलेली नायिका त्या रांगेत बसवा. संघ पुढे आहे, टाळ्या पडताहेत आणि तिची पाळी येत नाही. तिला आत आणणं तिच्या हातात नाही, दुसऱ्या कुणीतरी समोरची बाद करावी लागते. हा अर्थ पात्राच्या तोंडी घालू नका, अगदी प्रशिक्षकाच्याही नाही. (तो घालायचा मोह नक्की होईल.)

लिहिण्याच्या सोयीनेही कबड्डी बरी. ३० सेकंदांची चढाई एका पानात बसते. मातीतली कुस्ती क्षणात चीतपट होईल किंवा लांबतच जाईल. तिचा वेग शब्दांत पकडायला हात बसलेला लागतो.

आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, मात्र दोन्हीकडे घ्याच. त्याच दिवशी घरात पितरांसाठी घागर भरतात, आगारी टाकतात (विस्तवावर नैवेद्याचा घास), आणि त्याच दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. शोक आणि शृंगार एका अंगणात आणायला याहून चांगला सण मिळायचा नाही.

बोलीचं तेवढं सांभाळा. नायिका अमळनेर-साक्रीकडची असेल तर अहिराणी बोलेल. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातली, लेवा घरातली असेल तर तिची बोली वेगळी. सगळ्यांच्या तोंडी सरसकट अहिराणीतलं ‘शे’ (आहे) घातलंत तर तिकडचा वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

तर, मृत्यू बापाचा किंवा वस्तादाचा आणि कथा मुलाची असेल तर कुस्ती घ्या. नायिका मध्यभागी असेल, शिवाय ही पहिलीच कादंबरी असेल, तर कबड्डी. अंतिम सामना तिचा संघ हरला तरी चालेल, त्यात तिची एक चढाई हवी.