'पोहा खाल्ला' ते 'पोहे खाल्ले': मराठी व्याकरणाच्या अ‍ॅपसोबत आठ महिने

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात मुलांना मराठी वाक्यरचना आणि व्याकरण शिकवणारं एक अ‍ॅप मी वर्षाचे पैसे भरून घेतलं. आता फेब्रुवारी संपत आला. मधल्या काळात ते जवळजवळ रोज उघडलं गेलं आहे, म्हणून आता अनुभव लिहिते आहे. नाव मुद्दाम देत नाही. याच प्रकारची आणखी दोन अ‍ॅप्स चाचणीपुरती वापरून पाहिली आणि सगळ्यांची घडण साधारण सारखीच निघाली.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, शाळेत इंग्रजी. माझी लेक चौथीत आहे, नणंदेचा मुलगा सहावीत. त्यांच्यासोबत समोरच्या काकूंच्या दोन नाती आणि वरच्या मजल्यावरचा एक मुलगा, असे पाच जण शनिवारी-रविवारी सकाळी तासभर आमच्या बैठकीत बसतात. बाकीचे दिवस ज्याने त्याने पंधरा मिनिटं आपापल्या घरी करायचं. या मुलांना मराठी येत नाही असं मुळीच नाही. ती भरभर बोलतात, भांडतात, आजीकडून गोष्टी ऐकतात. फक्त त्यांच्या मराठी शब्दांखाली वाक्य हिंदीचं असतं.

पोह्यांचंच बघा. इंदूरच्या मुलाला जीरावण (इथला मसाला) भुरभुरवलेले पोहे आठवड्यातून चारदा मिळतात, पण तो म्हणतो, "मी पोहा खाल्ला." हिंदीत पोहा एकवचनी आहे ना. माझी लेक शाळेतून येऊन म्हणायची, "आई, मी आली." 'मैं आई' हेच मराठीत उतरलेलं. भाचा 'त्याने' म्हणतो तसंच 'मीने' म्हणायचा, कारण 'मैंने'. 'मी जात नाही' याऐवजी सगळ्यांचं 'मी नाही जात'. आणि 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक तर पुसूनच गेलेला, कारण हिंदीत दोन्हीसाठी 'हम'. समोरची धाकटी नात एकदा दारात येऊन म्हणाली, "काकू, आपण राजवाड्याला जातोय." मी पायात चपला घातल्या. ती फक्त तिच्या घरच्यांबद्दल सांगत होती. तिचा चेहरा उतरला ते मला बघवलं नाही, म्हणून त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले.

आता अ‍ॅपबद्दल. त्याचा मुख्य खेळ म्हणजे सुटे शब्द बोटाने ओढून चौकटींत बसवायचे आणि वाक्य तयार करायचं. बरोबर आलं की चांदणी मिळते, चुकलं की चौकट लाल होऊन हलते. सोबत लिंग-वचनाचा एक भाग आहे, विभक्ती आणि सामान्यरूपाचा (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्याचा) एक, काळाचा एक आणि शेवटी प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्त्यामागे जातं, कर्मामागे जातं की कोणाच्याच नाही.

लिंगाचा भाग मला फार आवडला. पुल्लिंगी नामं एका रंगात, स्त्रीलिंगी दुसऱ्या, नपुंसकलिंगी तिसऱ्या, आणि विशेषण किंवा क्रियापद जोडलं की तेही त्याच रंगाचं होतं. हिंदीत दोनच लिंगं असल्यामुळे आमच्या मुलांना तिसरं मुळात जाणवतच नव्हतं. 'दही' हिंदीत पुल्लिंगी आहे, म्हणून 'दही आंबट झाला' हे त्यांच्या कानाला कधी खटकलं नाही. दीड महिना रंग पाहिल्यावर लेक एकदा जेवताना 'दही आंबट झाला' म्हणता म्हणता 'झाला'च्या मध्यावर थांबली आणि 'झालं' म्हणाली. त्या दिवशी पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटलं.

सामान्यरूपाचा भाग त्याहून चांगला. शब्दावर टिचकी मारली की तो उलगडतो: देवळात म्हणजे देऊळ आणि त, दुधात म्हणजे दूध आणि त, घोड्याला म्हणजे घोडा आणि ला. हिंदीत 'दूध में' लिहिताना दुधाला काहीच होत नाही आणि 'में' वेगळा राहतो. मराठीत प्रत्यय चिकटतो आणि चिकटताना आधीचा शब्द बदलतो, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बदलतं. भाचा सरसकट 'दूधात', 'फूलाला' लिहायचा. त्याला नियम पाठ करायला लावून मी थकले होते. शब्द डोळ्यांसमोर सुटा होताना आणि परत जुळताना पाहिल्यावर त्याच्या वहीतल्या अशा चुका दिवाळीपर्यंत निम्म्यावर आल्या. मी जुन्या वह्या काढून मोजलं.

पण जो खेळ अ‍ॅपने सर्वांत पुढे ठेवला आहे, त्याच्याशीच माझं पटत नाही.

ऑगस्टमध्ये लेकीला शब्द आले: आजीने, नातीला, गोष्ट, सांगितली. तिने लावलं, "नातीला आजीने गोष्ट सांगितली." चौकट लाल झाली. हवं होतं "आजीने नातीला गोष्ट सांगितली". ती माझ्याकडे टॅब्लेट घेऊन आली. "आई, पण सांगितली आजीनेच ना?"

तिचं बरोबर होतं. कोणी सांगितली हे 'ने'त आहे, कोणाला हे 'ला'त आहे, शब्द कुठे बसला यात नाही. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा की 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, चावणारा कुत्राच. इंग्रजीत जागा बदलली की चावणारा बदलतो, म्हणून तिथे शब्द क्रमाने लावायचा खेळ हा खरोखर व्याकरणाचा खेळ होतो. मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद हा नेहमीचा क्रम आहे, तो शिकवावाच, पण त्यातून हललेलं प्रत्येक वाक्य चूक ठरवलं तर मुलांना मराठीबद्दल एक खोटी गोष्ट शिकवली जाते. उलट त्या हलण्यात अर्थ असतो. 'ताईने काय केलं?' याला उत्तर 'ताईने पोहे केले'. 'पोहे कोणी केले?' याला उत्तर 'पोहे ताईने केले'. क्रियापदाच्या अगदी आधी जे येतं त्यावर जोर पडतो. हे मुलं बोलताना आपोआप करतात. अ‍ॅपने आधी प्रश्न विचारून मग क्रम लावायला दिला असता तर तोच खेळ किती सुंदर झाला असता!

मी हे सगळं सविस्तर लिहून बनवणाऱ्यांना कळवलं. उत्तर तीन आठवड्यांनी आलं, पण आलं. नोव्हेंबरच्या बदलानंतर बऱ्याच वाक्यांना दोन क्रम चालतात. ही त्यांची जमेची बाजू मी मान्य करते.

दुसरी तक्रार अजून तशीच आहे. भाच्याने 'डोंगरदऱ्या' टंकलं, पडद्यावर उत्तरही 'डोंगरदऱ्या', दोन्ही शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे, आणि तरी चूक. तो रडकुंडीला आला. कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या. 'ऱ्य' दोन प्रकारे टंकता येतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त (पाय मोडायची खूण), मग य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. दिसायला एकच, संगणकाच्या लेखी दोन. अ‍ॅप एकच प्रकार ओळखतं. हा 'ऱ्य' मराठीत हौसेचा नाही. दऱ्या म्हणजे खोरी आणि दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना बोलावलं तर पंगत होते, आचार्यांना बोलावलं तर प्रवचन. मराठी शिकवायला निघालेल्या अ‍ॅपला हे अक्षर नीट ओळखता यायलाच हवं.

आवाजही हिंदीच्या वळणाचा आहे. 'चमचा' आणि 'चाक' यांतला च तो चहातल्या चसारखा म्हणतो. मराठीत चमच्यातला च आणि चहातला च वेगळे आहेत आणि लिपीत तो फरक दिसत नाही, म्हणून तो कानानेच शिकावा लागतो. आम्ही आवाज बंद करतो आणि वाक्यं आजी वाचते.

आजीवरून सांगायचं तर, या आठ महिन्यांतला सर्वांत अवघड प्रसंग तिच्याबद्दलचा होता. माझ्या सासूबाईंचा जन्म इथलाच. त्या म्हणतात, "काय करून राहिली गं?" असं बोलणं नागपूर-वऱ्हाडाकडेही आहे आणि आमच्या इंदूरच्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहे. अ‍ॅपमध्ये 'तो खेळून राहिला आहे' हा पर्याय 'चूक' म्हणून दिला होता. लेकीने तो वाचला आणि आजीसमोरच विचारलं, "आजी चुकीचं मराठी बोलते का?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन दिवस त्या लेकीशी जपून, शब्द निवडून बोलत होत्या. मला फार वाईट वाटलं. रविवारी मी पाचही मुलांना बसवून सांगितलं की आजीची मराठी ही आपल्या घरची मराठी आहे, तिलाही नियम आहेत, आणि पुस्तकाची मराठी ही चार गावच्या मराठी माणसांना एकमेकांचं वाचता यावं म्हणून ठरवलेली आहे. तेव्हापासून आमच्या वहीत दोन रकाने आहेत, 'घरात' आणि 'पुस्तकात'. 'मी आली' आणि 'करून राहिली' डावीकडे, 'मी आले' आणि 'करते आहे' उजवीकडे. 'केलं' आणि 'केले' सुद्धा असेच दोन रकान्यांत आहेत, कारण अ‍ॅप 'केलं'लाही लाल करतं. बोलण्यातलं लिहिताना असा अनुस्वार प्रमाणलेखनाच्या नियमांनाही मान्य आहे. डावा रकाना भरायला मुलं आजीला विचारतात आणि ती उत्साहाने सांगते.

प्रयोगाचा शेवटचा भाग मात्र नुसत्या व्याख्यांचा निघाला. कर्तरी, कर्मणी, भावे, प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या आणि खाली 'प्रयोग ओळखा'. मुलं अंदाजाने बोट लावत होती. तेव्हा मी घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये एक पान बनवलं. पहिल्या चौकटीत यादीतून 'कोण' निवडायचं: मी, ताईने, बाबांनी, आजोबांनी. दुसरीत 'काय': लाडू, कचोरी, श्रीखंड, पोहे, जिलेब्या. तिसरीत क्रियापद: खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ले, खाल्ल्या. जुळलं की चौकट हिरवी. मागच्या पानावर प्रत्येक नामाचं लिंग-वचन भरून ठेवलेलं. ('तू' मुद्दाम नंतरच्या पानावर ठेवला, कारण 'खाल्लास', 'खाल्लेस' आलं की यादी लांबते.)

पहिल्याच रविवारी वरच्या मजल्यावरचा मुलगा 'कोण' बदलत बसला. ताईने, बाबांनी, मी, परत ताईने. मग ओरडला, "काकू, खाणारा कोणीही असो, 'खाल्ली' हलतच नाही!" मी म्हटलं, आता कचोरी बदल. लाडू आला, 'खाल्ला' झालं. श्रीखंड आलं, 'खाल्लं'. मग दुसरं पान काढलं, चालू काळाचं: तिथे 'खातो', 'खाते' हे खाणाऱ्याच्या मागे जातं, लाडू असो की कचोरी. तिसऱ्या पानावर 'ताईने कुत्र्याला हाकललं', 'बाबांनी मांजरांना हाकललं', 'आजोबांनी माकडाला हाकललं'. काहीही बदला, क्रियापद जागचं हलत नाही. तिन्ही पानांना काय म्हणायचं ते मी सगळ्यांत शेवटी सांगितलं: पहिलं कर्मणी, दुसरं कर्तरी, तिसरं भावे. आता भाचा शाळेतल्या हिंदीच्या तासालाही 'ने' कुठे लागतो ते स्वतःहून तपासतो.

बोलण्यात किती फरक पडला? 'पोहे खाल्ले' आता सगळे म्हणतात. 'मीने' गेलं. 'आम्ही' आणि 'आपण' जवळजवळ नीट झालं, पण ते अ‍ॅपमुळे नाही. त्यात तो विषयच नाही. आम्ही दाराचा खेळ खेळतो, 'आपण' म्हटलं की सगळ्यांनी उठायचं, 'आम्ही' म्हटलं की बोलणाऱ्याच्या गटानेच. 'नाही जात' अजून आहे, आणि 'जाऊ नकोस', 'जाऊ नये', 'जाणार नाही' यांतले फरक यंदाच्या सुट्टीत घ्यायचे आहेत.

जूनमध्ये मी वर्षाचे पैसे परत भरणार नाही. लिंग आणि सामान्यरूपाचे दोन भाग धाकट्या नातीसाठी हवेत, तेवढे दोन-तीन महिने महिन्याच्या हिशेबाने घेईन. मोठ्यांना एक्सेलची पानं पुरतात.

तुम्ही असं काही घेणार असाल तर चाचणीच्या दिवसांत टंकायच्या जागी 'दऱ्या' दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून लिहून बघा. 'पोहे ताईने केले' लावून बघा, लाल होतं का ते पाहा. 'चमचा' ऐका. आणि 'चूक' म्हणून दाखवलेली वाक्यं आधी एकट्याने वाचून घ्या, मूल आजीजवळ बसलेलं नसताना.