खुब्याचा सांधा बदलायचाय? नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलबद्दल

या हॉस्पिटलची जमेची बाजू म्हणजे ऑपरेशनआधीचं मोजमाप. एक्स-रे काढताना ठरलेल्या मापाचा धातूचा गोळा शेजारी ठेवतात, त्यामुळे वाटीचा (कंबरेच्या हाडात बसवायच्या कृत्रिम खोबणीचा) साइज आणि पायाची लांबी आधीच ठरते. शिवाय उभं राहून आणि बसून, असे बाजूचे दोन एक्स-रे घेतात. कंबरेचे मणके स्क्रूने जोडलेले असतील तर बसताना पेल्व्हिस (कंबरेचं हाड) मागे कलत नाही आणि सांधा निखळायचा धोका वाढतो. हे बऱ्याच ठिकाणी बघितलंच जात नाही.

वाटीचा उतार (आडव्या रेषेशी कोन) 40 अंश, पुढचा कल (ती पुढे किती वळलेली) 15 अंश, दोन्हींत 10 अंश इकडेतिकडे, हे 1978 पासून सुरक्षित समजलं जाणारं माप. त्यात बसवलेला सांधाही निखळू शकतो, पण 50 च्या वर उभी वाटी नकोच. भार वरच्या काठावर येतो, प्लास्टिकचं अस्तर तिथेच झिजतं, त्याचे बारीक कण भोवतालचं हाड पोखरतात आणि घट्ट बसलेली वाटी काही वर्षांनी हलायला लागते. गोळा आणि अस्तर दोन्ही सिरॅमिकचे असतील तर अशाच चुकीने चालताना करकर ऐकू येऊ शकते. पुढचा कल कमी पडला तर उकिडवं बसताना मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची मान वाटीच्या काठाला अडते आणि त्यावरचा गोळा मागच्या बाजूने निसटतो.

उणीव एकच, पण मोठी. डिस्चार्जच्या कागदावर कंपनीचे स्टिकर आणि गोळ्याचं माप (32 की 36 मिमी) असतं, वाटीचे अंश नसतात. ते डॉक्टरांकडे मागून लिहून घ्या, ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेची प्रतही घ्या. पुढे झीज मोजताना तुलनेला तीच लागते.