वरचे अन्न चार महिन्यांनी की सहा महिन्यांनी?

बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, याबाबत तज्ज्ञ संस्थांमधला मतभेद वाटतो तितका मोठा नाही. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने, म्हणजे १८० दिवस, निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर दुधाच्या जोडीने पूरक आहार, असे सांगते. युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ सालची शिफारस थोडी सैल आहे : चार महिने पूर्ण होण्याआधी देऊ नये आणि सहा महिन्यांच्या पुढे लांबवू नये. त्यामुळे पालकांना निवड करायची असते ती मधल्या आठ-नऊ आठवड्यांतच.

लवकर सुरू करण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा अ‍ॅलर्जीचा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ सुरू करून ते नियमित दिले गेले, तेव्हा पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आढळण्याचे प्रमाण, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी भरले. अशा बाळाला सहा महिने थांबवून ठेवणे हिताचे नसू शकते. मात्र ते डॉक्टरांना दाखवूनच ठरवावे, आणि शेंगदाणा अख्खा न देता अगदी मऊ वाटून, पातळ करून द्यावा. रात्री बाळ सलग झोपेल, ही आशा मात्र घाई करण्यास पुरेसे कारण नाही. रात्री उठणे, मुठी चोखणे, मध्येच जास्त दूध मागणे हे सगळे या वयात नेहमीचेच आहे.

सहा महिने थांबल्यास पोटाच्या संसर्गाचा धोका कमी राहतो आणि दुधाची जागा कमी पोषक अन्न घेत नाही. शिवाय गिळण्याचे कसब तोवर तयार होते. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना आम्ही घाई केली होती. चमचा ओठाला लागला की त्याची जीभ पुढे येई आणि भरवलेले सगळे हनुवटीवरून ओघळे. त्याला चव आवडली नाही, असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात तोंडात आलेला घट्ट पदार्थ बाहेर लोटण्याची ती उपजत प्रतिक्रिया होती. तीन आठवड्यांनी त्याच चमच्यातले तेच अन्न त्याने व्यवस्थित गिळले. म्हणून तारखेइतकेच बाळाकडेही पाहावे : मान स्थिर धरते का, आधाराने बसते का, आणि घास जिभेने मागे नेऊन गिळते का. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसायला हवीत.

माझ्या मते बहुतेक निरोगी बाळांसाठी सहा महिन्यांच्या आसपासचा काळच योग्य ठरतो, पण त्यापुढची दिरंगाई मला घाईइतकीच चिंतेची वाटते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. दिवस भरून जन्मलेल्या बाळाचा लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह अत्यल्प, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते, तर सात ते बारा महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेतील शिफारस दिवसाला ११ मिलिग्रॅमची आहे. ही तफावत पाण्यासारख्या पातळ पदार्थांनी भरून निघत नाही. त्यांनी इवलेसे पोट तेवढे भरते. सुरुवातीपासूनच कुस्करलेली कडधान्ये, पूर्ण शिजवलेले अंडे, मऊ वाटलेले मांस किंवा लोहयुक्त तृणधान्य द्यावे, आणि चमच्यावर ठरेल इतके ते दाट असावे. लोहयुक्त पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला ही निकड थोडी कमी असते, तरी चावण्या-गिळण्याच्या सरावासाठी वेळ तीच राखावी. मध मात्र वर्षाच्या आत कोणत्याही बाळाला देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला चार किंवा सहा महिन्यांचा हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. त्याचा लोहाचा साठा मुळातच तोकडा असल्याने लोहाचे थेंब बरेच आधी सुरू करावे लागतात, आणि अन्नाची वेळ डॉक्टर त्याचे दुरुस्त वय (म्हणजे अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेले वय) व मान धरण्याची तयारी पाहून ठरवतात.