एस कॉम्बॅट ७ मधली अ‍ॅलिकॉर्न: तीन एक्स्ट्रा मिशन्स घ्यावीत का?

एस कॉम्बॅट ७ या लढाऊ विमानांच्या व्हिडिओ गेमची मेन स्टोरी संपवली असेल आणि आता अ‍ॅलिकॉर्नवाली तीन मिशन्स घ्यावीत का असा विचार चालू असेल तर बिनधास्त घ्या. २०१९ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये महिन्याला एक अशी ती आली होती, आणि अख्ख्या गेममधला सगळ्यात तगडा शत्रू यातच आहे असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅलिकॉर्न म्हणजे पाण्याखाली जाणारी विमानवाहू नौका, ४९५ मीटर लांब. ऐकायला अचाट वाटतं, पण दुसऱ्या महायुद्धात जपानने आय-४०० नावाच्या पाणबुड्या खरंच बांधल्या होत्या, साधारण १२२ मीटरच्या, आत पंख दुमडून ठेवलेली तीन सेइरान विमानं, वर यायचं, विमानं सोडायची आणि परत बुडी मारायची. गेमवाल्यांनी तीच कल्पना चौपट मोठी केली, राफाल एम विमानं दिली आणि वर रेलगन, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफा, बसवल्या!

पहिल्या मिशनमध्ये ती बंदरात असतानाच ताब्यात घ्यायचा प्लॅन असतो आणि ती निसटते. दुसऱ्यात खाडीतल्या शत्रूच्या आरमारावर हल्ला, जहाजं फोडायला मजा येते पण स्टोरी म्हणून तिन्हीत हेच फिकं.

खरा माल तिसऱ्यात आहे. सुरुवातीला ती दिसतच नाही, आपली गस्ती विमानं सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणारी तरंगती यंत्रं, टाकत जातात आणि त्यावरून ती कुठे आहे ते हुडकायचं, खाली नुसतं पाणी आणि रेडिओवर सगळ्यांचे आवाज टाइट झालेले. मग ती वर येते, आणि इथे मला डिझाइन मनापासून आवडलं, कारण आधी तिच्या बॅलास्ट टाक्या फोडायच्या असतात. पाणबुडी बुडते ती या टाक्यांत पाणी भरून आणि वर येते ते पाणी बाहेर ढकलून, म्हणजे टाक्या गेल्या की तिला परत खाली जाता येत नाही. बाकी गेम्समध्ये बॉसच्या अंगावर उगाच कुठेतरी लाल ठिपका असतो, इथे मारतोय तिथेच का मारतोय हे कळतं. त्यानंतर रेलगन, आणि शेवटी पुढचा भाग उघडून जी महाकाय तोफ बाहेर येते ती बघून हातातला कंट्रोलर घट्ट धरला जातो.

अ‍ॅलिकॉर्नचा कॅप्टन टोरेस, त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही. ही नौका समुद्रतळाशी जवळपास दोन वर्षं अडकली होती आणि याने क्रूला जिवंत ठेवलं, म्हणून ती माणसं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. दहा लाख मारून एक कोटी वाचवायचे हे त्याचं गणित, आणि तो ते इतक्या शांतपणे सांगतो की अंगावर काटा येतो.

तक्रार एकच, ऐन मारामारीत सबटायटल वाचायला वेळ मिळत नाही आणि त्याचं अर्धं बोलणं निसटतं, त्यामुळे दुसऱ्यांदा इझीवर खेळून नीट ऐका. आणि तिसऱ्या मिशनला फक्त विमानं पाडायचं स्पेशल वेपन नेऊ नका, नौकेवर चालेल असं काहीतरी घ्या, नाहीतर शेवटची तोफ फोडायला वेळ पुरत नाही.