व्हॅक्यूम पंप आणि उरलेल्या वाईनचा तिसरा दिवस

उघडलेल्या बाटलीतली हवा ओढून घेणारा तो हातपंप आणि सोबतची रबरी बुचं. वस्तू सगळ्यांच्या पाहण्यातली आहे, त्यामुळे खोक्यात काय येतं वगैरे सांगत बसत नाही. बरेच महिने रोज वापरलाय. आता लिहायला घेतलं कारण एका बुचाने मान टाकली आणि कंपनीने हात वर केले.

मी एकटा पिणारा, संध्याकाळी एक ग्लास. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशेचे पाच ग्लास बसतात, म्हणजे बाटली पाच दिवस चालायला हवी. वाईनवर लिहिणारी बहुतेक मंडळी पहिल्या ग्लासाबद्दल लिहितात. पैसे मात्र आपण पाचही ग्लासांचे मोजलेले असतात. त्यामुळे खाली वाईनबद्दल जी काही मतं आहेत ती याच हिशेबातून आलीत. कुणाला कद्रूपणा वाटला तर वाटू दे.

आधी बूच, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. बुचाच्या मधोमध एक चीर असते. दट्ट्या वर ओढला की ती उघडते आणि हवा बाहेर येते, सोडला की मिटते. पुरेशी हवा निघाली की पंप ‘टक्’ करतो. दुसऱ्या संध्याकाळी बुचाची कड बोटाने दाबली की ‘फुस्स’ झालं पाहिजे. फुस्स झालं म्हणजे रात्रभर पोकळी टिकली. सुरुवातीला अगदी खणखणीत फुस्स व्हायचं. मग ते बारीक होत गेलं आणि एका बुचाचं बंदच झालं. भिंगातून पाहिलं तर चिरेच्या दोन्ही कडांवर वाळलेल्या रेड वाईनचा जांभळा थर, आणि एका टोकाला केसाएवढी फाट. थरामुळे चीर पुरती मिटतच नव्हती. बाकीची बुचं कोमट पाण्यात भिजवून, चीर दोन बोटांनी फाकवून पुसली तर पुन्हा फुसफुसायला लागली. फाटलेलं मात्र गेलं ते गेलंच. ही साफसफाई माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, पंपाला वॉरंटी आहे, पण बूच हा ‘झिजणारा भाग’ आहे. अहो, बुचाशिवाय त्या पंपाने काय वारा घालायचा? मी चिकाटीने भांडलो तेव्हा बिघाडाचा व्हिडिओ मागवला. फुस्स होत नाही याचा व्हिडिओ काढून पाठवला. त्यावर उत्तर आलं, “व्हिडिओमध्ये आवाज ऐकू येत नाहीये, कृपया पुन्हा पाठवा.” तिथे मी हात जोडले.

आता वाईन.

न्यूझीलंडच्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लाँ. उघडल्या उघडल्या ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट आणि त्यामागून नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा हिरवा वास. फळांचा वास येतो तो थायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगांमुळे, आणि त्यांना ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. मिरचीचा वास पायरॅझिन नावाच्या संयुगांचा, तो दणकट. परिणाम असा की तिसऱ्या दिवशी फळं उठून गेलेली असतात आणि मिरची एकटी बसून असते. पंप मारला तरी हेच, नाही मारला तरी हेच. एकट्याने उघडू नये अशी वाईन.

पिनो न्वारचं त्याहून वाईट. पातळ सालीचं द्राक्ष, त्यामुळे टॅनिन (सालीतून येणारं तुरट द्रव्य) बेताचं, म्हणजे ऑक्सिजन अंगावर घ्यायला कुणी नाही. पहिल्या दिवशी चेरी, ओली माती, सगळं नाजूक आणि सुरेख. दुसऱ्या दिवशी अर्धी. तिसऱ्या दिवशी नुसतं आंबट लाल पाणी. एवढी महाग वाईन आणि एवढी नखरेल.

रिझलिंगने मात्र मला जिंकलं. जर्मनीच्या मोझेलची, किंचित गोडसर. आम्लता इतकी तेज की चौथ्या दिवशीही जीभ जागी होते. थोडी मुरलेली बाटली असेल तर पेट्रोलसारखा वास येतो. तो दोष नाही, टीडीएन नावाच्या संयुगाचा आहे. काहींना सहन होत नाही, मला तो उलट हवाहवासा वाटतो. चार दिवसांत एकदाही ही वाईन पडली असं वाटलं नाही.

सिरा आणि कॅबर्ने या रेड वाईन दुसऱ्या दिवशी जास्त आवडल्या. पहिल्या दिवशी हिरड्यांना चिकटणारा तुरटपणा जरा नरम पडतो. सिरामध्ये काळ्या मिरीचा वास येतो असं मी म्हणालो की माझा एक मित्र हसायचा. तो वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शिराझमध्ये (सिराचंच तिकडचं नाव) ते शोधून काढलं, आणि साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही. मित्र त्या पाचव्यात मोडतो. त्याला हे सांगितल्यावर त्याचं म्हणणं, की मग माझ्यासाठी स्वस्तातली आण.

बारोलोवर मात्र थांबावं लागेल. नेब्बिओलो द्राक्षाची ही इटालियन रेड वाईन नियमानेच किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. एवढं करूनही पहिला ग्लास तोंड सुकवून टाकतो, टाळूला जीभ चिकटते. तिसऱ्या संध्याकाळी तीच बाटली ग्लासात ओतली, तर वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि डांबर, दोन्ही वास एकाच वेळी. ग्लास नाकाला लावून बराच वेळ प्यायलोच नाही. नुसतं बूच काढून बाटली ‘श्वास घ्यायला’ ठेवणारे लोक असतात, पण बाटलीच्या मानेत वाईनचा पृष्ठभाग असतो किती? नाण्याएवढा. त्यातून काय श्वास घेणार? एक-दोन ग्लास काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेतली हवाच खरं काम करते. म्हणजे बारोलोला पंप मारणं हा तिच्यावर अन्यायच.

इथे माझं पंपाबद्दलचं मत बदलायला लागलं. तोवर मी त्याला चार तारे देणार होतो.

म्हणून एक चाचणी केली. एकाच वाईनच्या बाटल्या, सगळ्या फ्रिजमध्ये. एकीला पंप, दुसरीला तिचंच बूच परत घातलेलं. तिसरीतली वाईन उघडल्याबरोबर ३७५ मिलीच्या, आट्याचं (फिरवून लावायचं) झाकण असलेल्या रिकाम्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी मित्राने ग्लास भरले, कुठला कुठल्या बाटलीतला हे मला न सांगता. पंपाचा आणि बुचाचा ग्लास मला वेगळे ओळखता आले नाहीत. दोन्हींत ठेचलेल्या सफरचंदाचा तो वास, अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड झाल्याची खूण. छोट्या बाटलीतली वाईन नुकतीच उघडल्यासारखी.

विचार केला तर कारण सरळ आहे. पंप सगळी हवा काढतच नाही, थोडी उरतेच. ग्लास ओतताना जो ऑक्सिजन वाईनमध्ये विरघळतो त्याला तो काही करू शकत नाही. रोज बूच काढलं की ताजी हवा आत. वर हवा ओढताना थोडा सुवासही ओढला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खरं वाचवतो तो फ्रिज, कारण थंडीत या सगळ्या रासायनिक उचापती मंदावतात. रेडसुद्धा बेलाशक फ्रिजमध्ये ठेवा, पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

छोटी बाटली मात्र आट्याच्या झाकणाचीच घ्या, आणि धुऊन पूर्ण वाळवा. झाकणाला नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या रिझलिंग करणाऱ्या काही जणांनी २००० साली एकत्र ठरवून नैसर्गिक बुचाला रजा दिली. बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगामुळे वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि तो यायला लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात.

फसफसणाऱ्या वाईनला पंप चुकूनही लावू नका. आत मुरवलेला कार्बन डायऑक्साइड तुम्ही हाताने बाहेर ओढणार. बाटलीच्या तोंडात चमचा उभा करून ठेवण्याचाही काही उपयोग नाही. खटक्याचं, मानेला पकडणारं झाकण घ्या, दुसऱ्या दिवसापर्यंत बुडबुडे टिकतात.

सल्फाइट (वाईन टिकवणारं रसायन) न घालता केलेली एक ‘नॅचरल’ रेडही आणली होती. पहिल्या दिवशी मजेदार, गढूळ, रसरशीत. दुसऱ्या दिवशी वासात काही नाही, पण घोट गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून उंदराच्या पिंजऱ्याचा दर्प वर आला. वाईनच्या आम्लतेत ती संयुगं उडत नाहीत, लाळेत मिसळली की उडतात, म्हणून नाकाला आधी पत्ताच लागत नाही. उरलेली सिंकमध्ये ओतली. पैसे गेले याचं दुःख अजून आहे.

शेरी ही स्पेनची कडक वाईन. तिच्यातली फिनो फसवी निघाली. पिंपात असताना तिच्यावर यीस्टची साय असते, ती हवेपासून तिला जपते. बाटलीत ते कवच नाही, त्यामुळे चार-पाच दिवसांत तिची धार जाते. ओलोरोसो ही दुसरी शेरी आधीच हवेत वाढलेली, ती कित्येक आठवडे टिकते.

आणि मग मडेरा, पोर्तुगालच्या त्याच नावाच्या बेटावरची. या वाईनला करतानाच तापवतात. टाकीत तापवायची पद्धत असेल तर ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने. वर ऑक्सिजनही मुबलक. जे काही बिघडायचं ते बिघडून, त्यातूनच चव तयार झालेली, त्यामुळे उघडल्यावर हवा तिचं आणखी काय करणार? व्हेरदेल्यो या प्रकारच्या मडेराची बाटली कपाटात, फ्रिजबाहेर, तिच्याच बुचासकट उभी आहे. बरेच आठवडे झाले. भाजलेला बदाम, संत्र्याची साल, करपलेली साखर आणि मागून सपकन येणारं आम्ल, काल रात्री सगळं जागच्या जागी होतं. सर्सियाल हा प्रकार मला फार कोरडा वाटला, आता ब्वाल हा गोडसर प्रकार आणायचा विचार आहे.

पंपाला दोन तारे. त्यातला एक त्या ‘टक्’ आवाजासाठी. बूच फाटलं नसतं तरी यापेक्षा जास्त दिले नसते.