हळदीच्या कॅप्सूल सात महिने घेतल्या: नैराश्यात मला किती उपयोग झाला

मागच्या ऑगस्टपासून या मार्चपर्यंत मी कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूल घेतल्या. 500 मिलिग्रॅमची एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर. महिन्याला साधारण साडेसहाशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या बाटलीला लागू आहे.

जूनमध्ये मला नैराश्याचं निदान झालं. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच. नाशिकमध्ये अंबडला ऑफिसात बिलं समोर असायची, आकडे वाचायचे पण डोक्यात शिरायचे नाहीत. रोज गोदापार्कला चालायला जाणारी मी, खाली उतरून दूध आणायचंही जिवावर यायचं. मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, 27 पैकी 18 आले (आकडा जितका जास्त तितकं नैराश्य जास्त). एस्सिटालोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली, आधी 5 मिलिग्रॅम, मग 10. दोन महिन्यांत आकडा 12 वर आला. झोप सुधारली, पण मनावरचं मळभ काही हटेना.

तेव्हा जाऊबाईंनी बाटली आणून दिली. "अगं, हळदच आहे, रोज भाजीत घालतेस ना? अपाय कसला?" त्यांच्या मायेबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. मी कॅप्सूल सुरू केल्या. तिसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटलं आणि मी मॅडमना न विचारता एस्सिटालोप्रॅमची गोळी बंद केली. घरात कुणालाच सांगितलं नाही.

पुढचे दहा दिवस मी विसरणार नाही. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. चक्कर, मळमळ, उगाच रडू. मला वाटलं आजार उलटला. खरं तर गोळी एकदम तोडल्याचा तो परिणाम होता. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू करावी लागते.

मॅडम रागावल्या नाहीत. "बाटली घेऊन या," एवढंच म्हणाल्या. लेबल वाचून त्यांनी बोट ठेवलं ते मिरीच्या अर्कावर. कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी जातं, म्हणून त्यात मिरीतलं पायपेरीन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं होतं की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन 2000 टक्क्यांनी वाढतं. पण हेच पायपेरीन इतर काही औषधांचं शरीरातलं विघटनही मंदावू शकतं. म्हणजे दुसऱ्या गोळीचा डोस कागदावर तोच राहतो आणि रक्तात वाढतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर हे विचारल्याशिवाय घेऊच नये. शिवाय काही जणांच्या यकृताला हळदीच्या अशा पूरकांमुळे इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मला गोळी पुन्हा सुरू करून कॅप्सूल जेवणाबरोबर चालू ठेवायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी यकृताची रक्ततपासणी केली. ती ठीक आली.

घरी मी हिशेब मांडला. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के. चमचाभर हळदीचं दूध म्हणजे नव्वदेक मिलिग्रॅम. हजार मिलिग्रॅमसाठी तीस ग्रॅमहून जास्त हळद रोज पोटात जायला हवी. तेव्हा भाजीतली हळद आणि बाटलीतली हळद एकच, हे जाऊबाईंचं म्हणणं पटण्यासारखं नाही. बाटलीत आहे ते औषधाच्या मात्रेचं रसायन आहे.

पुरावा अगदीच नाही असंही नाही. भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 60 रुग्णांवर सहा आठवडे अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. काहींना फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, काहींना कर्क्युमिनचे रोज 1000 मिलिग्रॅम, काहींना दोन्ही. उपचाराला प्रतिसाद देणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे 64.7, 62.5 आणि 77.8 टक्के. वाचताना मला केवढा हुरूप आला! पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नव्हता आणि खोटी गोळी दिलेला गट अभ्यासात नव्हताच. 60 माणसांवरून कुणी आपली चालू गोळी सोडू नये.

केशराचंही करून पाहिलं. इराणमधल्या छोट्या अभ्यासांत रोज 30 मिलिग्रॅम केशर-अर्काने सौम्य ते मध्यम नैराश्यात फायदा दिसलाय. मी एका दुकानातून डबी आणली, दोन काड्या पाण्यात टाकल्या. पाणी क्षणात केशरी झालं आणि काड्या पांढऱ्या पडल्या. खरं केशर रंग सावकाश सोडतं आणि काडी लालच राहते. तो विषय तिथेच संपवला.

भाच्याने जर्मनीहून सेंट जॉन्स वर्ट पाठवायची तयारी दाखवली, तिथे ते नैराश्यासाठी वापरतात. या वनस्पतीमागचा पुरावा हळदीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2008 च्या आढाव्यात 29 चाचण्या आणि 5489 रुग्ण होते. तरी मी नाही म्हटलं. एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळीबरोबर घेतलं तर शरीरातलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही त्याने कमी होतो.

वनस्पतीत ताकद असते म्हणूनच तर जपायला हवं. आपल्या सर्पगंधेचं उदाहरण घ्या. तिच्यातून 1952 मध्ये रेसरपीन वेगळं काढलं, रक्तदाबावर ते खूप वापरलं गेलं आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याचं दिसलं. तीही वनस्पतीच.

माझ्यापुरतं सांगायचं तर डिसेंबरात आकडा 8 होता, फेब्रुवारीत 6. श्रेय कुणाला द्यायचं? गोळी चालू होती, ऑक्टोबरपासून समुपदेशन होतं, गोदापार्कचं चालणं परत सुरू झालं होतं. म्हणून मार्चमध्ये मॅडमना सांगून फक्त कॅप्सूल थांबवल्या. सहा आठवडे झाले. काल कागद भरला, आकडा 6 च आहे. मी नवीन बाटली आणणार नाही. गोळी आणखी काही महिने चालेल, कमी कधी करायची ते मॅडम ठरवतील.

कुणाला आज बाटली आणि डॉक्टर यांतलं एकच परवडत असेल, तर कळकळीने सांगते, पैसे डॉक्टरांसाठी ठेवा. तेही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं.