मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र: टाइप झकास, लाल शाई नको

मोठ्या टाइपातलं मराठी बायबल, म्हणजे आमचं पवित्र शास्त्र, घेतलं, त्याबद्दल हे. आधी वस्तूचं बोलते. काळं रेक्झिन, गोल कोपरे, सोनेरी कडा, दोन रिबिनी आणि भोवती बंद करायची चेन (झिप). घेतलं संभाजीनगरच्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून. माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, त्यामुळे वजनाचा अंदाज हातालाच आहे: दीड किलोच्या आतबाहेर, म्हणजे दिवसांआधी जन्मलेल्या बाळाएवढं. मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक आहे, अंथरुणात पडून छातीवर ठेवायचं नाही. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं तर मजबूत बंदांची कापडी पिशवी हवी.

टाइपला मात्र पैकीच्या पैकी. मोतीबिंदूनंतर ज्यांना जुन्या प्रतीत काना आणि उभी रेघ एकच वाटायला लागली असेल, त्यांनी डोळे झाकून घ्यावं (म्हणजे उघडून). जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात, अनुस्वार हरवत नाही, ओव्यांचे, म्हणजे वचनांचे, आकडे ठळक आहेत. कागद पातळ, पलीकडची ओळ थोडी झिरपून दिसते. पण बायबलची सहासष्ट पुस्तकं एका बांधणीत बसवायची तर कागद पातळच लागणार, त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. पेननं खुणा करू नका, पेन्सिल वापरा.

आता हे घेतलं का, ते. जालना-अंबड भागात ज्या ख्रिस्ती घरात जाल तिथं भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं. रोज एक ओवी, मागं गुलाबाचं नाहीतर धबधब्याचं चित्र. देवाच्या प्रीतीबद्दल आपल्याला जे तोंडपाठ आहे, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. डोंगर सरले, टेकड्या हलल्या तरी माझी दया ढळणार नाही, हे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ५४व्या अध्यायातलं. त्याच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते, हे विलापगीत या पुस्तकातलं. सगळं खरं, सगळं गोड. माझी तक्रार एवढीच की कॅलेंडरवाले ओवी उचलतात आणि तिच्या आधीचं-नंतरचं खाली ठेवून येतात.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं जे केलं ते सांगायला नको. त्यानंतरच्या एका कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) एक मावशी त्या कॅलेंडरकडं बोट करून म्हणाल्या, "सिस्टर, हितं लिवलंय दया ढळत न्हाई म्हून. मंग माझं सोयाबीन का ढळलं?" सगळ्या बायका गप्प. कुणीतरी पटकन गाणं काढलं. मला ते गाणं आवडलं नाही, खरं सांगायचं तर. प्रश्न रास्त होता आणि शास्त्रात तो आधीच कुणीतरी, याहून कडक शब्दांत, विचारून ठेवलेला आहे.

म्हणून पुढच्या वेळी हे जाड पुस्तक पिशवीत घालून नेलं आणि विलापगीताचा तिसरा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला. इथं या आवृत्तीची एक गंमत आहे. माझ्या प्रतीत तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वीसेक ओव्या डाव्या पानावर येतात आणि करुणेची बाविसावी ओवी उजव्या पानाच्या माथ्यावर. छापणाऱ्यानं ठरवून केलेलं नसणार, पण यापेक्षा चांगली मांडणी सुचली नसती. डाव्या पानावर काय काय आहे? देव दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झाला. मी ओरडलो तरी त्यानं माझी प्रार्थना बाहेरच अडवली. त्यानं माझे दात खड्यांनी फोडले. माझी परमेश्वराकडची आशा संपली. हे सगळं ओलांडल्याशिवाय उजव्या पानावर जाताच येत नाही. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, त्यानंतरचा हा आक्रोश आहे. नगरात उपासमार, लेकरं आयांकडं भाकर मागतायत. त्या राखेत बसून हे गीत रचणारा माणूस म्हणतो की आपण संपून गेलो नाही, ही त्याची दया.

आणि तिथंही तो थांबत नाही. त्याच अध्यायात पुढं ४४व्या ओवीत पुन्हा तक्रार: तू स्वतःला ढगानं वेढून घेतलंस, आमची प्रार्थना पार जात नाही. मावशींनी ती ओवी मला दोनदा वाचायला लावली. "हे तर आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय की," म्हणाल्या. सोयाबीनचं उत्तर त्यांना मिळालं नाही, मलाही नाही. पण दया न ढळणं म्हणजे पीक न बुडणं असा करार देवानं केलेला नाही, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्या दोन पानांवर दिसलं. ज्यांचं सगळं गेलं तेच ही ओवी म्हणतायत, आणि म्हणून ती माझ्या लेखी भक्कम आहे. भरल्या कणगीशेजारी बसून कुणी म्हटली असती तर मी कॅलेंडरवरच ठेवली असती.

स्तोत्रसंहितेतल्या ८९व्या स्तोत्राचंही तसंच. सुरुवात अशी की परमेश्वराच्या दयेची गाणी मी सदा गाईन. ५२ ओव्यांचं स्तोत्र, पण ३८व्या ओवीपासून सूरच बदलतो आणि ४९व्या ओवीत थेट सवाल: प्रभू, तुझी ती पूर्वीची दया कुठं गेली? मोठ्या टाइपमुळं हे स्तोत्र पानं उलटत वाचावं लागतं. ज्यांना पहिल्याच पानावर आमेन म्हणायची सवय आहे त्यांची पंचाईत होते. होऊ द्या.

आता दोष. मोठा दोष म्हणजे समासात संदर्भच नाहीत. प्रेषित पौलानं रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घ्या. शेवटच्या दोन ओव्या कॅलेंडरच्या लाडक्या: मरण, जीवन, उंची, खोली, काहीच आपल्याला ख्रिस्त येशूमधल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. त्याच्या दोनच ओव्या आधी, ३६व्या ओवीत, पौल म्हणतो की तुझ्यामुळं दिवसभर आमचा वध होतो आहे, कापायच्या मेंढरांत आमची गणना झाली आहे. ही ओळ ४४व्या स्तोत्रातली. ते स्तोत्र उघडून पाहा: आम्ही तुला विसरलो नाही, मग तू का झोपला आहेस, असं देवाला विचारणारं ते गाऱ्हाणं आहे. आणि शेवटच्या ओवीत मागणं काय, तर तुझ्या दयेखातर आम्हाला सोडव. म्हणजे भांडण ज्याच्याशी, वकीलपत्रही त्याच्याच दयेकडं. पौलानं बरोब्बर ते स्तोत्र उचललं, कारण त्याला छळाचं काय ते माहीत होतं. हा दुवा समासात नसेल तर नव्या वाचकाला कळणार कसा? मी पेन्सिलीनं लिहून ठेवला. प्रकाशकांनी टाइप एक घर बारीक करावा, पण संदर्भ द्यावेत.

दुसरा दोष लाल शाईचा. येशूचे शब्द लाल अक्षरांत, ही कल्पना दुकानात फार सुंदर दिसते. घरी संध्याकाळी, लोडशेडिंग नसलं तरी पिवळ्या बल्बखाली, तो लाल रंग फिकट पडतो आणि माझ्यासारखीचे डोळे लगेच थकतात. त्यात लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय जवळजवळ अख्खा लाल, कारण पहिल्या तीन ओव्या सोडल्या तर सगळं येशूच बोलतो. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, मग घर सोडून वाया गेलेला आणि परत येणारा पोरगा. अजून लांब असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो, ती विसावी ओवी मला चष्मा पुसून वाचावी लागते. ज्यांच्यासाठी ही आवृत्ती काढली त्या म्हाताऱ्या डोळ्यांनाच सगळ्यात आवडता अध्याय कठीण, हे बरं नव्हे. या पोराचं घरी स्वागत झालं म्हणून चिडलेल्या थोरल्या भावाचा राग मात्र नीट वाचा. बाप त्यालाही विनवायला बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलंच नाही.

समूहात वाचायला पुस्तक चांगलं. १३६वं स्तोत्र आम्ही असं म्हणतो: मी ओवीचा पहिला भाग वाचते, बाकीच्या सगळ्या "कारण त्याची दया सनातन आहे" म्हणतात, २६ वेळा. पुस्तक स्टूलवर ठेवलं की मागच्या दोघींनाही दिसतं. सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, इथवर सगळ्या जोरात म्हणतात. पुढं देवानं सीहोन आणि ओग या राजांना मारल्याच्या ओव्या येतात आणि आमच्यातली एक कॉलेजला जाणारी मुलगी तिथं दर वेळी गप्प बसते. मी तिला टोकत नाही. शेवटून दुसऱ्या ओवीत तो सर्व प्राण्यांना अन्न देतो असं आहे, तिथं ती पुन्हा सुरात येते.

माझ्या आजीकडं पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर होतं, केडगावच्या मुक्ती मिशननं १९२४ साली, बाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, छापलेलं. त्याची बांधणी आजीच्या तीन सुनांनी हाताळूनही टिकली. या नव्या प्रतीचा कणा आत्ताच, पहिल्या पावसाळ्याच्या ओलीत, किंचित सुटल्यासारखा वाटतोय. चेन तर जवळजवळ निरुपयोगी आहे. कोपऱ्यावर अडकते आणि ओढताना सोनेरी कडेला चरे पडतात.

घ्यायचं असेल तर बिनचेनची प्रत मागा, दुकानदार "ती जात नाही" म्हणाला तरी मागा. लाल शाई नसलेली मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. आणि बांधून घ्यायच्या आधी विलापगीत उघडून पाहा. आमच्या मावशींसाठी मी दुसरी प्रत आणली, तिच्यात ती दोन पानं समोरासमोर येत नाहीत. बहुतेक छपाईच्या वेगळ्या खेपेची असावी. त्यांनी ती परत केली आणि म्हणाल्या, तुमच्यासारखीच बघा.